सही माझी, तर कागदही मीच वाचणार

२०२२ सालचं नवरात्र. आमच्या देवपुरात नवरात्र म्हणजे काय, ते धुळेकर मैत्रिणींना सांगायला नको. पांझरेकाठी एकवीरादेवीच्या देवळाकडे पहाटेपासून बायकांची रीघ लागलेली असते. घरात घट बसलेले, माझे नऊ दिवसांचे उपास चाललेले. पाचव्या माळेच्या संध्याकाळी मी साबुदाणा भिजत घालत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांनी मोबाईल पुढे केला.

"चीनहून कागदं आली बघ. एजंट घाई करतोय. प्रिंट काढून आणतो, तू फक्त सही कर."

तू फक्त सही कर! मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येतं की नाही? बँकेच्या फॉर्मवर, कर्जाच्या अर्जावर, जीएसटीच्या कागदावर आपण हात पुसत येतो, जिथे पेन्सिलने फुली मारलेली असते तिथे सही करतो आणि परत ओट्याशी जातो. गॅसवर दूध असतं ना!

आमचा भरतकामाचा छोटा कारखाना माझ्या नावावर आहे. का, तर बाईच्या नावाने कर्ज मिळायला सोपं जातं. २०१६ साली सरकारने 'स्टँड-अप इंडिया' योजना आणली, त्यात महिला उद्योजकांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची सोय होती. तेव्हापासून आमच्या भागात किती तरी वहिनी, काकू एका रात्रीत 'प्रोप्रायटर' झाल्या! मीही त्यातलीच. काम मात्र मला येत होतं. लग्नाआधीपासून मी ब्लाऊजवर आरीवर्क करायची. पुढे सुरतेच्या व्यापाऱ्यांकडून साड्यांचं जॉबवर्क मिळू लागलं. हाताने किती करणार? म्हणून सहा डोक्यांचं कॉम्प्युटरवालं भरतकाम मशीन घ्यायचं ठरलं. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे महाग पडत होतं. हे म्हणाले, आपणच थेट चीनहून मागवू.

मशीन यायचं होतं दिवाळीच्या आधी. सुरतेचा व्यापारी म्हणाला होता, "बेन, दिवाळीचा माल वेळेत दिला, तर पुढचं वर्षभर काम तुमचं."

धुळ्यापर्यंत समुद्र

आपल्या खानदेशात समुद्र कुठला? पण समुद्रातून आलेला माल मात्र आपल्या घराघरांत आहे. जळगाव डाळ मिलांसाठी प्रसिद्ध. आपल्या देशात पिकणारी तूर आपल्याला पुरत नाही, म्हणून ती म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी इथूनही जहाजाने येते. तुमच्या कुकरमधलं वरण कधी तरी आफ्रिकेचा किनारा पाहून आलेलं असू शकतं!

हा माल येतो तो मुख्यतः कंटेनरमधून. मुंबई-आग्रा रस्त्यावर वीस आणि चाळीस फुटी लोखंडी पेट्या लादलेले ट्रेलर आपण रोज पाहतो, तेच ते कंटेनर. कंटेनरच्या वाहतुकीला आधुनिक रूप आलं ते १९५६ साली अमेरिकेत. त्याआधी बंदरावर एकेक पोतं, एकेक खोकं हमाल चढवत-उतरवत. आपल्याकडे उरण तालुक्यात न्हावा शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. महाराष्ट्रातला बराचसा कंटेनरचा माल तिथेच उतरतो. आमचं मशीनही निंगबो बंदरातून तिथेच यायचं होतं.

पण मालाच्या आधी कागद पोचावे लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याकडे लग्नात वऱ्हाडाच्या आधी निरोप पोचतो ना, तसंच! निरोप चुकला की वऱ्हाड वेशीवर ताटकळतं.

परदेशातून धंद्यासाठी माल मागवायचा, तर आधी आयात-निर्यात कोड लागतो, आयईसी म्हणतात त्याला. तो परकीय व्यापार महासंचालनालयाकडून घरबसल्या पाचशे रुपयांत मिळतो आणि आता पॅन नंबर हाच तो कोड असतो. म्हणजे माझ्या पॅनवर, माझ्याच नावाचा कोड. मग विकणाऱ्याचं बिल, म्हणजे इनव्हॉइस. कुठल्या खोक्यात काय, त्याची पॅकिंग लिस्ट. जहाज कंपनीची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग. भाड्याची आणि विम्याची पावती. या सगळ्यांवरून क्लिअरिंग एजंट कस्टमच्या कॉम्प्युटरवर 'बिल ऑफ एंट्री' भरतो. कुठला माल, किती किमतीचा, कुठल्या सदरातला, ड्युटी किती, हे सगळं त्यात सांगायचं असतं.

आणि गंमत ऐका. २०११ सालापासून ड्युटीचा हा हिशेब आयात करणाऱ्याने स्वतःच करून द्यायचा असतो. कस्टमवाले तपासतात, पण "मी सांगते ते खरं आहे" असं लिहून देणारी मी असते. एजंट चुकला, नवरा चुकला, चीनचा माणूस चुकला, तरी कागदावर नाव माझंच.

अर्ध्या किमतीचं बिल

त्या संध्याकाळी मीही नेहमीसारखी सही करून मोकळी झाले असते. पण पेन काही सापडेना. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या. त्यांनी पोथीतलं पेन काढून दिलं आणि विचारलं, "काय शे वं ते?"

"कागदं आहेत मशीनची. सही करायची आहे."

"तुनी सही शे ना? मंग तूच वाच."

सासूबाई चौथी शिकलेल्या. पण एकदा भाऊबंदकीत न वाचता अंगठा देऊन त्यांच्या सासऱ्यांनी दोन बिघे रान घालवलं होतं. ते त्या विसरलेल्या नाहीत.

मी वाचायला बसले. इंग्रजी जेमतेम, पण आकडे तर कळतात! इनव्हॉइसवर किंमत होती नऊ हजार डॉलर. मला आठवलं, बँकेतून दोन हप्त्यांत अठरा हजार गेले होते. बँकेचे फॉर्म माझ्याच सहीचे. मी ह्यांना विचारलं. हे हसले. म्हणाले, "त्यांनीच सुचवलं. अर्धी किंमत लिहितात, म्हणजे ड्युटी अर्धी. सगळेच करतात."

शिवाय मालाचं वर्णन होतं 'शिलाई मशीन'. आता शिलाई मशीन वेगळं आणि भरतकामाचं मशीन वेगळं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती! कस्टमच्या पुस्तकातही दोघांची सदरं वेगळी आहेत. शिलाईचं ८४५२ आणि भरतकामाचं ८४४७.

मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आहे त्यावर भरून टाकू. पुढचं पुढे बघू."

मी म्हटलं, "पुढे बघणार कोण? तुम्ही का मी?"

तो गप्प झाला. मग खरं ते बोलला. म्हणाला, "नोटीस आली तर तुमच्या नावाने येईल, ताई."

त्या रात्री घरात बोलाचाली झाली, लपवत नाही. ह्यांचा हेतू वाईट नव्हता. कर्जाचा हप्ता सुरू झालेला, चार पैसे वाचावेत एवढंच. पण मी सही केली नाही. घट बसलेल्या घरात खोटं लिहून देणार नाही, असं म्हणून टाकलं. खरं सांगू? त्यात भक्तीपेक्षा भीतीच जास्त होती.

आणि पंचाईत अशी, की चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी! बिल दुरुस्त करून द्यायला तिकडे फोन उचलायला कुणी नाही. जहाज मात्र सुट्टी घेत नाही. ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ तारखेला बंदराला लागलं. नियम असा, की जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरलेलं पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, त्यानंतर रोज दहा हजार रुपये.

आम्ही दसऱ्याला जुन्याच शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली. सोनं वाटायला आलेल्या बायका विचारायच्या, "आलं का गं नवीन मशीन?" काय सांगणार? मशीन उरणला उभं होतं आणि मी देवपुरात बसून दिवस मोजत होते.

८ तारखेला चीनचं ऑफिस उघडलं. त्यांच्याशी कागदावरचं बोलणं मीच केलं, मोबाईलवर भाषांतर करून करून. संध्याकाळी दुरुस्त बिल आलं आणि त्याच दिवशी एंट्री भरली. तीन दिवसांचा दंड पंधरा हजार. बंदराबाहेरच्या गोदामाचं भाडं आणि कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं मिळून आणखी एकवीस हजार. छत्तीस हजार रुपये! ह्यांनी आकडा ऐकला आणि जेवायला न बसता बाहेर निघून गेले.

मशीन आलं १४ तारखेला. दिवाळी दहा दिवसांवर. सुरतेच्या व्यापाऱ्याने निम्मं काम आधीच दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. त्या वर्षी आमच्या घरी फराळ झाला, कपडे झाले नाहीत.

हिशेब मांडला तेव्हा

भाऊबीजेनंतर मी आणि आमचे हे वही घेऊन बसलो. आपल्या सीए मॅडमनी फोनवर समजावलं होतं, तेच तुम्हाला गोल आकड्यांत सांगते.

समजा, भाडं-विमा धरून मशीनची किंमत झाली दहा लाख. मूळ ड्युटी साडेसात टक्के धरली तर पंचाहत्तर हजार. त्या ड्युटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, साडेसात हजार. झाले १०,८२,५००. त्यावर आयजीएसटी अठरा टक्के धरला, तर १,९४,८५०. एकूण भरायचे २,७७,३५०.

आता किंमत अर्धी दाखवली, तर वाटतं १,३८,६७५ रुपये वाचले. पण थांबा! यातला आयजीएसटी, म्हणजे ९७,४२५ रुपये, आपण जीएसटीत नोंदलेले असलो तर पुढच्या विक्रीच्या करातून वजा मिळणारच असतात. म्हणजे खरे वाचले फक्त ४१,२५०. शिवाय वहीत मशीन पाच लाखांचंच दिसणार, त्यामुळे आयकरात घसाराही निम्म्यावरच मिळणार. आणि एवढ्यासाठी जोखीम कसली? खोटी किंमत सांगितली म्हणून माल जप्त होऊ शकतो. मुद्दाम ड्युटी बुडवली असं ठरलं, तर पाच वर्षं मागे जाऊन बुडवलेली रक्कम, त्यावर व्याज आणि वर तेवढाच दंड मागता येतो.

आणि पकडलं कसं जातं म्हणाल, तर त्यात काही गूढ नाही. परदेशी पाठवलेल्या पैशाची नोंद बँकेकडे असते. २०१६ सालापासून रिझर्व्ह बँकेची एक व्यवस्था आहे, तिच्यात बँकेने पाठवलेले पैसे आणि कस्टममध्ये दाखवलेला माल यांची जोडी लावली जाते. अठरा हजार डॉलर गेले आणि नऊ हजारांचा माल आला, तर उरलेले नऊ हजार कुठे गेले, हे बँकच विचारणार! माझ्या दोन सह्या एकमेकींविरुद्ध साक्ष देत उभ्या राहिल्या असत्या.

हे वही मिटून म्हणाले, "एवढं मला कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नाही." भांडण तिथे संपलं.

आता मी काय पाहते

त्यानंतर आम्ही सुटे भाग, सुया, बॉबिन असं तीनदा मागवलं. आता ऑर्डर देण्याआधीच मी चीनच्या माणसाला लिहून कळवते, की बिलावर बँकेतून गेलेलीच किंमत आणि मालाचं खरं नाव हवं. बिलाची प्रत माल जहाजात चढण्याआधी मागवते. त्यांच्या सुट्ट्यांची तारीख आपल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते.

भाड्याची आणि विम्याची पावती जपून ठेवते. भाडं किती ते दाखवता आलं नाही, तर कस्टम मालाच्या किमतीच्या वीस टक्के भाडं धरतं आणि त्यावरही ड्युटी लागते. माल लाकडी खोक्यात येणार असेल, तर लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्का आहे का ते फोटोत पाहून घेते. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असतं ते. लाकडातून कीड येऊ नये म्हणून तो नियम आहे. शिक्का नसेल तर खोकं बंदरातच अडकतं. कंटेनर किती दिवस फुकट ठेवता येईल, ते आधीच लेखी घेते. एजंट परवानाधारक आहे ना, हेही विचारते. आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसीची माहिती ऑनलाइन पक्की करते, बदल असो वा नसो. नाही केली तर कोड बंद पडतो.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायची आहे. मागच्या वर्षी ओळखीतून एक माणूस आला. म्हणाला, "ताई, तुमचा कोड नुसता पडून आहे. आम्हाला वापरू द्या. कंटेनरमागे दहा हजार घरपोच. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सही." चहा दिला आणि त्याला वाटेला लावलं. तुमच्याकडे असं कुणी आलं, तर नाही म्हणा. कंटेनरमध्ये काय येणार, हे आपल्याला कळणार नाही. पण कस्टमच्या कागदावर आयात करणारी बाई आपणच असणार, आणि पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार.

कागद पाच वर्षं जपावे लागतात. त्याचा अनुभव मला २०२४ साली आला. त्या मशीनच्या आयातीचे कागद तपासणीसाठी पाठवा, असं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव. दोन वर्षांपूर्वी असतं, तर माझे हातपाय गळाले असते. मी लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या खणातली निळी फाईल काढली. इनव्हॉइस, बँकेच्या पावत्या, बिल ऑफ लेडिंग, बिल ऑफ एंट्री, ड्युटीची चलनं, सगळं ओळीने लावलेलं. स्कॅन करून पाठवलं. नंतर काही विचारणा आली नाही.

त्या दिवशी आमच्या ह्यांनी चहा केला. फारसा चांगला झाला नव्हता, पण मी प्याले!

सुरतेचं काम आता पुन्हा मिळू लागलंय. मशीनवर गल्लीतल्या तीन मुली कामाला येतात. त्यातली एक परवा विचारत होती, "काकू, बँकेत खातं उघडायला फॉर्म दिलाय, सही कुठे करू?" मी म्हटलं, आधी बस, चष्मा लावते. आपण दोघी वाचू.

मैत्रिणींनो, तुम्ही माल मागवत असाल-नसाल, पण एक काम कराच. या रविवारी घरातल्यांना विचारा, माझ्या नावावर काय काय आहे? दुकान, कर्ज, जीएसटी, कोड, गाडी... सगळे कागद एकदा मागून घ्या आणि वाचा. समजलं नाही तर विचारा. विचारायला लाज कसली? दूध उतू गेलं तर जाऊ द्या.